ट्रॅक डेसाठी पोलोला चार पिस्टनचे कॅलिपर बसवावेत का?

तुमचा प्रश्न असा आहे: इंदूरला राहता, पोलो जीटी टीएसआय आहे, हिवाळ्यात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पहिल्यांदाच ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी सर्किटवर चालवायच्या दिवसाला, जायचंय. ब्रेकसाठी लाखभर रुपये बाजूला ठेवलेत. ओळखीचे एक गृहस्थ वापरलेले चार पिस्टनचे कॅलिपर (पिस्टनने डिस्कवर पॅड दाबणारे भाग) 45 हजारांना देतायत. ते घ्यावेत का, आणि पॅड कुठले टाकावेत?

कॅलिपर आत्ता घेऊ नका. ब्रेक ऑईल, पॅड आणि होज (ब्रेक ऑईलच्या लवचीक नळ्या) बदला आणि जा. मी इंदूरच्याच राजेंद्रनगरचा, पिथमपूरला सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी करतो, आणि तुमच्यासारख्याच पोलोने बुद्धवर गेलोय. पहिल्या खेपेला मी ऑईल सोडून बाकी सगळं तपासलं होतं.

चौथ्या लॅपला, किलोमीटरभराहून लांब अशा मागच्या सरळ रस्त्याच्या शेवटी, पेडल दाबलं आणि ते थेट जमिनीला टेकलं. तीन-चारदा भराभर पंप केलं, खालचा गियर टाकला, आणि गाडी वळणापलीकडच्या मोकळ्या डांबरावर जाऊन थांबली. समोर भिंत नव्हती म्हणून हे लिहितोय. परत आल्यावर देवास नाक्याकडच्या माझ्या मेकॅनिकने ब्लीडर (कॅलिपरवरचा तेल काढायचा स्क्रू) उघडून तेल काढलं तर ते चहासारखं काळपट. तो एवढंच म्हणाला, "भिया, कॅलिपर तो ठीक है, तेल ही उबल गया था." ते तेल तीन वर्षांचं होतं. आपल्याकडचे तीन पावसाळे त्याने बघितले होते.

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि जसजसं पाणी मुरतं तसा त्याचा उत्कलनबिंदू उतरत जातो. डॉट 4 या दर्जाच्या नव्या तेलाला मानकाप्रमाणे किमान 230 अंश सोसावे लागतात, पण 3.7 टक्के पाणी मुरलं की ती मर्यादा 155 वर येते. डॉट 3 ला हेच आकडे 205 आणि 140 आहेत. तेल उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. तुमच्या पायाचा सगळा जोर ती वाफ दाबण्यातच जातो आणि पिस्टनपर्यंत काही पोचत नाही. कॅलिपर कितीही भारी असला तरी इथे उपयोग शून्य.

उष्णता किती, ते हिशोबानेच बघा. गाडी आणि चालक मिळून 1200 किलो धरा. ताशी 150 वरून 60 वर यायचं तर जवळपास 875 किलोज्यूल ऊर्जा ब्रेकना गिळावी लागते. 25 अंशांचं पावणेतीन लिटर पाणी उकळीला आणायला लागेल तेवढी ही उष्णता, आणि ती तीनेक सेकंदांत तयार होते. एका लॅपमध्ये असे मोठे ब्रेक अनेकदा लागतात आणि मध्ये डिस्क निवायला फारच थोडा वेळ मिळतो. शहरात तुम्ही वर्षभरात एकदाही ब्रेकना असं वागवत नाही. पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राच्या 11.3 किलोमीटरच्या ओव्हलचे व्हिडिओ बघून बऱ्याच जणांना वाटतं की ट्रॅक म्हणजे वेग. ओव्हलवर ब्रेकना फारसं काम नसतं. वळणावळणांच्या सर्किटवर खरं काम त्यांचंच असतं. उलट आपल्याला जवळचं उदाहरण हवं तर राऊ-खलघाट रस्त्यावरचा गणपती घाट आठवा. निमाडाकडे उतरणाऱ्या ट्रकांचे ब्रेक तिथे का निकामी व्हायचे? सतत दाबून लायनर तापायचे आणि पकड जायची. ट्रॅकवर नेमकं तेच तुमच्या पॅडचं होतं, फक्त फार कमी वेळात.

म्हणून दोन बिघाडांतला फरक पायाला ओळखता आला पाहिजे. पेडल मऊ होत खाली बसत असेल, तर तेल उकळतंय. पेडल दगडासारखं घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून निसटतायत. पहिल्याला उपाय तेल, दुसऱ्याला पॅड. आणि दोन्हींपैकी काहीही जाणवलं की ती लॅप सावकाश पूर्ण करून आत या, पुढच्या लॅपला बघू असं म्हणू नका.

तेलासाठी मोटूल आरबीएफ 600 किंवा त्या तोडीचं घ्या. नवं असताना ते 312 अंशांपर्यंत उकळत नाही. जुनं तेल पूर्ण काढून, चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून, ट्रॅक डेच्या आठवड्यात भरून घ्या, दोन महिने आधी नाही. डब्याचं सील फोडलं की उरलेलं तेल पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. डॉट 5 लिहिलेलं तेल मात्र चुकूनही भरू नका. ते सिलिकॉनचं असतं, आपल्या सिस्टीमचं नव्हे. डॉट 5.1 वेगळं, ते चालतं.

पॅडच्या बाबतीत लोक सर्वांत जास्त फसतात, कारण 'सिरॅमिक' या शब्दाला वजन आहे. बाजारात मिळणारे बहुतेक सिरॅमिक पॅड रोजच्या वापराचे: आवाज कमी, धूळ कमी. ट्रॅकच्या उष्णतेसाठी ते बनवलेलेच नसतात. दुसऱ्या टोकाला शुद्ध रेसिंगचे पॅड. ते तापल्याशिवाय पकडत नाहीत. सकाळी थंड ब्रेकवर पलासियाच्या सिग्नलला पुढच्या स्कूटरमागे थांबायचं असेल तर ते धोक्याचे आहेत, शिवाय डिस्कही खातात. तुम्ही इंदूरहून त्याच गाडीने आठशे किलोमीटर जाणार आणि परत येणार. म्हणून मधला वर्ग घ्या: फेरोडो डीएस 2500 किंवा ईबीसी यलोस्टफ. थोडी किरकिर आणि काळी धूळ सोसावी लागेल.

नवे पॅड बसवून थेट ट्रॅकवर उतरू नका. पॅडमधलं राळेसारखं बंधन पहिल्यांदा तापलं की त्यातून वायू सुटतो आणि पॅड डिस्कवर अक्षरशः तरंगतो. हे घरीच उरकून घ्या. पहाटे मोकळा, सुरक्षित रस्ता बघा. ताशी 80-90 वरून 20 पर्यंत आठ-दहा वेळा जोरात ब्रेक लावा, पण पूर्ण थांबू नका. नंतर पाच-सात किलोमीटर ब्रेकला हात न लावता गाडी चालवून निववा. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभे राहिलात तर पॅडचा ठसा तिथेच बसतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं. लोक त्याला 'डिस्क वाकली' म्हणतात. बहुतेकदा ती वाकलेली नसते.

स्टीलच्या जाळीचे होज घेतलेत तर पेडल घट्ट लागतं, कारण रबरी होज दाबाखाली थोडा फुगतो. प्रमाणित, गाडीच्या मापाचाच घ्या. डिस्क साध्या किंवा खाचांच्या चालतील, भोकांच्या नकोत, कारण तडे भोकांपासूनच सुरू होतात. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती व्हर्नियरने मोजून बघा. मागचे ड्रम आहेत तसे राहू द्या. जोरात ब्रेक लावला की सगळा भार पुढे येतो आणि मागच्यांवर फार थोडं काम राहतं. फक्त शू नीट लागतायत आणि सिलिंडर गळत नाही एवढं बघा.

आता कॅलिपर. मोठ्या कॅलिपरने गाडी कमी अंतरात थांबते, हा समज डोक्यातून काढा. आजचे ब्रेक जर एबीएस (चाकं अडू न देणारी यंत्रणा) खडखडवू शकत असतील, तर थांबायचं अंतर टायर ठरवतात. मोठा कॅलिपर आणि जाड, मोठी डिस्क देतात ती उष्णता साठवायची आणि सोडायची ताकद. वीस मिनिटांच्या सत्रात शेवटपर्यंत पेडल तसंच हवं असेल तेव्हा त्यांचा अर्थ.

आणि इथेच मी एकदा पैसे घालवलेत. दुसऱ्या वर्षी एका दुकानातून मोठे कॅलिपर घेतले. पिस्टनचं माप मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मूळच्या सरकत्या कॅलिपरला एकाच बाजूला एकच पिस्टन असतो. समजा तो 54 मिलिमीटरचा, तर क्षेत्रफळ सुमारे 22.9 चौरस सेंटिमीटर. चार पिस्टनच्या स्थिर कॅलिपरला दोन्ही बाजूंना दोन-दोन असतात, म्हणून तुलना करताना एकाच बाजूचे दोन पिस्टन मोजायचे, चारही नाही. ते 38 मिलिमीटरचे असतील तर बेरीज 22.7. म्हणजे पेडल पूर्वीसारखंच राहील. माझे निघाले 41 चे: 26.4, म्हणजे पंधरा टक्के जास्त. पेडलच्या जोराने तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर तोच, त्यामुळे पेडल जास्त खाली जायला लागलं. डिस्कही मोठी होती, तेव्हा पुढचा जोर आणखी वाढला, पुढची चाकं आधी अडायला लागली आणि मागच्या टायरांची पकड वापरलीच जाईना. वरून कॅलिपर अलॉय चाकाच्या काड्यांना घासत होता. शेवटी काढून ठेवले.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. शुद्ध रेसिंगच्या कॅलिपरला पिस्टनवर धूळरोधक रबर नसतं. माळव्याची उन्हाळ्यातली धूळ आणि पावसातली काळी माती त्यात गेली की सील खराब व्हायला वेळ लागत नाही. रोजच्या गाडीला ते रबर असलेलेच कॅलिपर हवेत.

कागदपत्रांकडेही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने गाडीतल्या फेरफारांवर बंधन आहे आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही ते कडकपणे वाचलंय. झिजलेले पॅड आणि तेल बदलणं ही देखभाल झाली, पण कॅलिपरचा सेट बसवणार असाल तर आधी विमा कंपनीला लेखी विचारा. शर्यत आणि वेगचाचणी नेहमीच्या विम्यातून वगळलेली असते. म्हणजे ट्रॅकवर जे होईल ते तुमच्या खिशातून, हे धरूनच पैसे वेगळे ठेवा.

तिथे पोचल्यावर: चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने 120 न्यूटन-मीटरला घट्ट करा. सुरुवातीला चार-पाच लॅप, मग शेवटची लॅप जवळजवळ ब्रेक न लावता. आत आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी गियरमध्ये (ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये) ठेवून चाकामागे लाकडी ठोकळा लावा. दुसऱ्या सत्राआधी पॅडची जाडी बघा.

राहिले ते 45 हजारांचे कॅलिपर. त्या गृहस्थांना पिस्टनचं माप विचारा, धूळरबर आहे का बघा, ब्रॅकेट कुठल्या डिस्कसाठी बनवलंय आणि ती डिस्क पुढेही मिळेल का ते विचारा, आणि खरेदीची पावती मागा, कारण नावाजलेल्या कंपन्यांची नक्कल भरपूर फिरते. चारही उत्तरं समाधानकारक आली तरी त्यांना हिवाळा संपेपर्यंत थांबायला सांगा. एक ट्रॅक डे मूळच्या कॅलिपरवर करून या. नव्या तेलावर आणि नव्या पॅडवर सत्राच्या शेवटी पेडल बदललं, तर परत येऊन त्यांना फोन करा.