आघाडीवरून घरी पत्र लिहिताना

पाठवणाऱ्याच्या जागी सेना क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण आणि ‘मार्फत ५६ एपीओ’ एवढेच लिही; एपीओ म्हणजे सैन्याचे टपाल कार्यालय. पूर्वेकडे असशील, तर ९९ एपीओ. ठाण्याचे नाव, हालचालीची दिशा किंवा शेजारच्या पलटणीचा उल्लेख मजकुरात येता कामा नये, कारण पत्र कोणाच्या हाती पडेल, याची खात्री नसते.

युद्धकाळात टपाल उशिरा आणि मागेपुढे पोहोचते, म्हणून प्रत्येक पत्रावर तारखेसोबत अनुक्रमांक घालावा. चकमकींची वर्णने टाळावीत, पण केवळ ‘मी मजेत आहे’ लिहून थांबू नये; अशा त्रोटक पत्राने आईची काळजी उलट वाढते, असे माझे मत आहे. कारगिलची लढाई १९९९ च्या मे ते जुलै या काळात, म्हणजे ऐन खरिपाच्या पेरणीत झाली. अशा वेळी पाऊस कितपत झाला, बियाणे मिळाले का, बैलाचा पाय बरा आहे का, असे नेमके विचारणारे पत्र आले की मुलाचे मन थाऱ्यावर आहे, हे वडिलांना वेगळे सांगावे लागत नाही.

रजेची तारीख मात्र हाती मंजुरी आल्याशिवाय कळवू नकोस. लढाई पेटली की मंजूर रजाही रद्द होतात.