डबा आधी, वॅट मागाहून

श्रावण लागला की स्पीकरबद्दलचे प्रश्न वाढतात. चाकरमानी यायच्या आत घरात काहीतरी दणकेबाज वाजलं पाहिजे, ही त्यामागची तळमळ मला ठाऊक आहे. त्याच पायी मीही दोन वूफर (बास वाजवणारे मोठे स्पीकर) जाळलेत. यंदाच्या प्रश्नांतले सात निवडले. बहुतेकांत ‘किती वॅट’ आहे आणि डब्याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून काही उत्तरं तिरकी वाटतील.

प्रश्न (गुहागर) : मी बारावीत आहे. ५००० रुपयांत दोन स्पीकर आणि एक सबवूफर होईल का? दुकानदार २००० वॅट पीएमपीओचा ॲम्प्लिफायर घे म्हणतो.

उत्तर : बारावीतला आहेस म्हणून अरेतुरे करतो. पीएमपीओ म्हणजे जाहिरातीतले, क्षणभराच्या शिखराचे वॅट. तो आकडा छापायला पैसे पडत नाहीत, म्हणून तो मोठा असतो. त्या ॲम्प्लिफायरच्या पोटातला ट्रान्सफॉर्मर बघ. त्यावर १२-०-१२, ३ अँपिअर असं काहीतरी असेल. २४ गुणिले ३ म्हणजे ७२. ज्याच्या पोटात ७२ जातात त्याच्या तोंडून २००० निघतील कुठून? आणि खरे वॅट दुप्पट केलेस तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, जेमतेम कळेल इतका. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. माजघरात ऐकायला २०-२५ खरे वॅट पुरे झाले.

टीपीए ३११६ चिपचा २.१ बोर्ड, म्हणजे दोन स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा तयार ॲम्प्लिफायर, घे. घरात कोणाचा बाद झालेला लॅपटॉप असेल तर त्याचा १९ व्होल्टचा ॲडाप्टर त्याला चालतो. हे ॲडाप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्टवर काम करतात, त्यामुळे संध्याकाळी वाडीतले दिवे मंद झाले तरी तुझं गाणं मंद होत नाही. उरलेले पैसे स्पीकरवर घाल. प्लायची अख्खी ८ बाय ४ ची शीट घेऊ नकोस, सुताराकडे १८ मिमीचे तुकडे पडलेले असतातच. ट्वीटरला, म्हणजे बारीक सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरला, ४.७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर सिरीजमध्ये लाव. ८ ओहमच्या ट्वीटरला तो साधारण ४२०० हर्ट्झच्या खालचं अडवायला लागतो. तो विसरलास तर पहिल्याच ढोलाला ट्वीटर जाईल. सबवूफर दिवाळीच्या सुट्टीत कर.

प्रश्न (मालवण) : तयार सबवूफर दुसऱ्याच पावसाळ्यात फुगला. एमडीएफच्या कडा सुटल्या आणि आता बासवर फरफर येते. नवा डबा कशाचा करू?

उत्तर : एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, आवाजाला वाईट नाही. जड असतो, स्वतः फारसा थरथरत नाही. पण त्याची कापलेली कड पाणी पिते, आणि आपल्याकडे जूनपासून हवाच पाणी असते. मरीन प्लाय घ्या, आयएस ७१० चा छाप बघून. तेवढं बजेट नसेल तर आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) प्लायही घरात टिकतो. आवाजात दोघांचा फरक मला तरी कधी ऐकू आला नाही.

माळ्यावर पडलेल्या सागाच्या नाहीतर फणसाच्या फळ्यांचा मोह होईल. मला झाला होता. अख्खं लाकूड पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात आखडतं, तेही आडव्या अंगाने जास्त. पावसात घट्ट बसलेला सांधा मे महिन्यात सुटतो आणि डबा गळका होतो. त्या फळ्यांचे पाट करा.

सांध्यांना पाण्याला टिकणारा डिंक लावा, वर स्क्रू मारा, आणि आतून सगळ्या कडांना भुसा आणि डिंक कालवून केलेली लांबी भरा. स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी हवीच. मग फोनवरून ३०-४० हर्ट्झचा टोन लावून पेटती उदबत्ती सांध्यांवरून फिरवा. जिथे धूर दचकतो तिथे भोक आहे. तुमची फरफरही बहुधा स्पीकरची नसून अशाच फटीची असेल, तेव्हा जुना वूफर टाकायच्या आधी तो काढून मोकळा वाजवून बघा. कोन, म्हणजे स्पीकरचा पुढचा हलणारा पडदा, दोन्ही हातांनी सरळ आत दाबल्यावर खरखर लागली तर मात्र त्याच्या मागची तारेची कॉइल घासतेय.

खाऱ्या हवेसाठी आणखी थोडं. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेसचे घ्या. वायर क्लिपमध्ये न अडकवता डाग देऊन जोडा. कोनाभोवतीची कड फोमची नको, रबराची बघा. फोम दमट हवेत काही वर्षांत भुगा होऊन गळतो. वॉर्निश डब्याला आतून, बाहेरून आणि कडांना मारा, कोनाला मात्र मारू नका. का, ते पुढच्या उत्तरात येईल. आणि डब्याला बास वाढवणारा पाईप असेल तर त्याच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा लावा. कुंभारीण माशीने पाईपमध्ये मातीची घरं बांधलेला सबवूफर माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. मालक म्हणाले, बास गेला.

प्रश्न (चिपळूण) : जुन्या बाजारातून ८ इंची वूफर आणलाय. त्यावर ‘४ ओहम’ सोडून काही छापलेलं नाही. डबा किती मोठा आणि पाईप किती लांब ठेवू?

उत्तर : हा खरा प्रश्न. पूर्वी डबे बरेचसे अंदाजाने व्हायचे. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी स्पीकरची मोजता येणारी मापं आणि डब्याचं गणित यांची सांगड घातली. त्यातली दोन मापं तुम्ही घरी काढू शकता.

पहिलं, वूफरची स्वतःची वारंवारता. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावली की आवाज खाली उतरतो ना? वजन वाढलं की कंप मंदावतो. कोनाचंही तसंच, म्हणून वॉर्निश नको म्हटलं. वूफर मोकळा, दोरीला टांगून ठेवा. ॲम्प्लिफायरच्या वायरीत १०० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर सिरीजमध्ये घाला. फोनवरून २० पासून १०० हर्ट्झपर्यंत टोन सावकाश चढवत न्या आणि मल्टिमीटरने वूफरच्या दोन टोकांवरचे एसी व्होल्ट बघा. जिथे ते सर्वांत जास्त, ती वारंवारता.

दुसरं, त्याची हवेची भूक. तोच वूफर माप माहीत असलेल्या बंद डब्यावर बसवून पुन्हा मोजा. समजा मोकळा असताना ४० हर्ट्झ आले आणि २५ लिटरच्या डब्यावर ६०. ६० भागिले ४० म्हणजे दीड, त्याचा वर्ग सव्वादोन, वजा एक म्हणजे सव्वा. सव्वा गुणिले २५, साधारण ३१ लिटर. या वूफरच्या कोनाची टांगणी जितकी लवचीक, तितकीच लवचीक असलेली हवा ती एवढी. थील-स्मॉलच्या भाषेत व्हीएएस.

अनोळखी वूफरला बंद डबाच द्या, हा माझा आग्रह आहे. तो चुका पोटात घालतो. पाईपवाला डबा खाली जास्त बास देतो खरा, पण पाईप ज्या वारंवारतेला जुळवलाय तिच्या खाली कोनाला हवेचा आधार राहत नाही आणि सिनेमातल्या एका स्फोटाला कॉइल बाहेर येते.

तरीही करायचाच असेल तर एक हिशेब देतो. आतून ३५ सेंमीचा घन म्हणजे जवळपास ४३ लिटर. वूफर, पाईप आणि आडव्या पट्ट्यांचे तीनेक वजा जाता ४०. बाजारातला ७५ मिमीचा पीव्हीसी पाईप आतून साधारण ७ सेंमी असतो. ३५ हर्ट्झसाठी तो १८ सेंमी लांब लागतो. जास्त मोठा बरा म्हणून ११० मिमीचा घ्याल तर लांबी ४५ सेंमीच्या आसपास जाते आणि तो या डब्यात मावतच नाही. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घालून बघा. लांब मानेची बाटली खालच्या सुरात बोलते, तेच इथे. सुरुवातीला पाईप २२ सेंमी ठेवा आणि थोडा थोडा कापत या. जुळला की नाही ते डोळ्यांना दिसतं: ३५ च्या टोनवर कोन जवळजवळ थांबतो आणि पाईपमधून वारा सुटतो.

प्रश्न (देवगड) : दोन सारखे स्पीकर बांधले. एकेकटा छान वाजतो, दोन्ही लावले की बास नाहीसा होतो.

उत्तर : एकाची वायर उलटी आहे. एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो आणि दोघं एकमेकांची हवा खातात. घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा. सेलचा प्लस ज्या टोकाला लावल्यावर कोन बाहेर येतो ते प्लस. दोन्हींवर लाल रंगाचा ठिपका द्या.

प्रश्न (सावंतवाडीजवळचं गाव) : मित्राच्या फ्लॅटमध्ये छाती हलवणारा सबवूफर आमच्या कौलारू घरात पुळचट वाजतो.

उत्तर : सबवूफर तोच, घर वेगळं. बंद स्लॅबच्या खोलीत बास कोंडला जातो आणि वाढतो. तुमच्याकडे चिऱ्याच्या भिंती भक्कम असल्या तरी वर मंगलोरी कौलं आहेत आणि भिंत छपरापर्यंत गेलेली नाही. बास तिथून पडवीत आणि पडवीतून माडांत जातो. ४० हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटरहून लांब असते, तिला अडवायला पडदे-गाद्या कामाच्या नाहीत. सबवूफर दोन चिऱ्याच्या भिंतींच्या कोपऱ्यात, जमिनीवर सारा. बराच फरक पडेल. मग जे कौल खडखडेल ते नीट बसवून घ्या.

प्रश्न (दापोली) : ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरच्या जोड्यांचा असेंबल केलेला ॲम्प्लिफायर आहे. सारखा घुं आवाज येतो. मेकॅनिकने प्लगची अर्थची पिन काढायला सांगितलं.

उत्तर : काढू नका. घुं थांबेल कदाचित, पण ट्रान्सफॉर्मर लीक झाला तर तो पत्र्याचा डबा तुम्हालाच करंट देईल. आवाज शून्यावर ठेवूनही घुं राहिला तर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर दमलेत, ते बदला. आवाज वाढवताना घुं वाढला तर इनपुटची शील्ड वायर बघा, आणि टीव्ही व ॲम्प्लिफायर एकाच बोर्डवर लावा. जांभ्याच्या कातळात अर्थिंग उन्हाळ्यात सुकतं, तेही इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या.

प्रश्न (राजापूर) : घरचा सबवूफर गणपतीत खळ्यात भजनाला लावला तर चालेल?

उत्तर : जळेल. खळ्यात ना भिंत ना छप्पर, अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गेले. ते भरून काढायला तुम्ही आवाज पिळणार आणि कॉइलचा वास येणार. भजनाला सबवूफर लागतही नाही. बुवांचा गळा, पेटी आणि झांज सगळी वरच्या पट्टीत, पखवाजाचा घुमारा जागेवर पुरेसा असतो. दोन साधे स्पीकर उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर, श्रोत्यांकडे किंचित झुकवून टांगा आणि माईक त्यांच्या मागे ठेवा, म्हणजे शिट्टी येणार नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वर्षातले काही दिवस राज्य सरकार १२ पर्यंत सूट देतं, ते कोणते हे पोलीस ठाण्यात आधीच विचारा. त्यानंतरचे अभंग माईकशिवाय.