आगाऊ रक्कम भरली नाही म्हणून रुग्णालय वृद्ध रुग्णाला परत पाठवू शकते का?

नाही. छातीत कळ आलेल्या किंवा पडून डोक्याला मार लागलेल्या वृद्धाला तातडीचे उपचार नाकारण्याची मुभा सरकारी रुग्णालयाला नाही, तशीच खासगीलाही नाही; परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरवले आहे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांवर तर अधिक बंधन आहे: निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखून ठेवाव्या लागतात, आणि तातडीच्या प्रसंगी या रुग्णांकडून अनामत मागता येत नाही. सत्तरी गाठलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेतील वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. मात्र ते योजनेतील रुग्णालयांतच चालते, म्हणून जवळचे असे रुग्णालय आधीच हेरून ठेवावे.

खरा वेळ, माझ्या मते, पुष्कळदा जिन्यातच जातो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य येते. पण जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवे मावत नाही, आणि मग रुग्णाला खुर्चीत बसवून चार माणसांनी खाली आणावे लागते. एकट्या राहणाऱ्यांनी शेजाऱ्याकडे एक किल्ली द्यावी आणि औषधांची यादी दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावी.