नवरात्र ते दिवाळी डोकं धरून बसणाऱ्यांसाठी

प्रश्न : मी औसा तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. वय 39. दर वर्षी घटस्थापना जवळ आली की शिंका सुरू होतात, डोळे खाजतात, नाक चोंदतं आणि भुवयांच्या वर नि गालांत ठणका लागतो. खाली वाकलं की डोकं फुटतंय असं वाटतं. दिवाळी उलटली की आपोआप कमी होतं. घर शेतातच आहे, सोयाबीनची रास अंगणाला लागूनच होते. उपवासात तर मळमळून येईपर्यंत दुखतं, वर्गातला उजेड आणि पोरांचा गलका सोसत नाही. ओव्याची वाफ, वेखंडाचा लेप, बाम सगळं करून झालं. नाकात टाकायचे थेंब आता रोजच लागतात, नाहीतर रात्री श्वास घेता येत नाही. एक्स-रे काढला तर 'सायनस आहे, ऑपरेशन करून टाका' म्हणाले. करू का?

उत्तर : ताई, ऑपरेशनची घाई करू नका. तुमच्या पत्रात मला एक नाही, तीन दुखणी दिसताहेत. ती तिन्ही एकाच महिन्यात येतात म्हणून एकच वाटतात.

पहिलं दुखणं ॲलर्जीचं. पाऊस ओसरला की बांधावरची गवतं फुलोऱ्यावर येतात, त्यांचे परागकण वाऱ्यावर असतात. गाजर गवत तर पावसाळ्यापासूनच पांढरं झालेलं असतं. 1950च्या दशकात पुण्याच्या परिसरात पहिल्यांदा नजरेत आलेलं हे तण आज मराठवाड्यातल्या एका तरी बांधावर नाही असं दाखवा! त्यात तुमच्याकडे सोयाबीनची बनीम (कापून रचलेला ढीग) मोडून मळणीयंत्र सुरू होतं. भिजून सुकलेल्या काडात बुरशी असते, ती भुसकटाच्या धुळीबरोबर थेट नाकात. नाकाचं अस्तर सुजतं. गालाच्या आणि कपाळाच्या हाडांतल्या पोकळ्या, म्हणजेच सायनस, नाकात उघडतात त्या वाटा जेमतेम काही मिलिमीटरच्या, त्या मिटतात. आत कोंडलेली हवा हळूहळू शोषली जाते, दाब बदलतो आणि ठणका लागतो. गालातल्या पोकळीचं तोंड तळाशी नसून वरच्या अंगाला असतं, म्हणून उभ्या माणसाचा स्राव सहज निचरत नाही. कुशीवर पडल्यावर बरं वाटतं ते त्यामुळेच.

यावरचं मुख्य औषध म्हणजे नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा, फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन. 'स्टेरॉइड' ऐकून घाबरू नका. एका फवाऱ्यात साधारण 50 मायक्रोग्रॅम औषध असतं आणि त्यातलं रक्तात फार थोडं उतरतं. काचबिंदू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना सांगा. लोकांचं चुकतं ते वेळेत. डोकं दुखलं की मारायचा हा फवारा नव्हे. त्याचा पुरता गुण यायला आठवडा-दोन आठवडे जातात. तेव्हा तुमच्यासाठी हिशेब सोपा आहे : पितृपंधरवडा लागला की फवारा सुरू, तुळशीचं लग्न लागेपर्यंत रोज. कधी दुखो, न दुखो.

मारायची पद्धतही नीट समजून घ्या, कारण माझ्याकडे 'फवाऱ्यानं काही फरक नाही' म्हणून येणाऱ्यांत कितीतरी जण तो चुकीच्या दिशेनं मारत असतात. मान मागे टाकायची नाही, किंचित पुढे झुकवायची. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्या हातानं उजव्या. टोक मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. पडद्यावर मारत राहिलं की घोळणा फुटतो. जोरात हुंगू नका, औषध घशात जातं. शिंका आणि खाज जास्त असेल तेव्हा जोडीला सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी रात्री. दिवसा शाळेत जायचंय तर फेक्सोफेनाडिन बरी, झापड येत नाही. ती पाण्याबरोबर घ्या, फळाच्या रसाबरोबर नको.

फवाऱ्याआधी मिठाच्या पाण्यानं नाक धुवा, विशेषतः राशीवरून आल्यावर. जलनेती आपल्याकडे जुनीच, लोणावळ्याच्या कैवल्यधामसारख्या ठिकाणी ती रीतसर शिकवतात. पण बोअरचं किंवा नळाचं पाणी तसंच नाकात घालू नका. अमेरिकेत लुइझियाना राज्यात 2011 साली नळाच्या पाण्यानं नाक धुऊन दोन माणसं मेंदू खाणाऱ्या अमीबाच्या संसर्गानं दगावली. पाणी खळखळून उकळा, झाकून कोमट होऊ द्या, लिटरभर पाण्याला सुमारे 9 ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड ते दोन चमचे. झोंबत असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा. भांडं रोज धुऊन वाळवा.

दुसरं दुखणं थेंबांनी लावलेलं. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब मिनिटांत नाक उघडतात, म्हणून तर माणूस त्यांच्या नादी लागतो. तीन ते पाच दिवसांच्या वर चालू राहिले की त्यांचा असर ओसरताच अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं. तुमचं रात्रीचं नाक चोंदणं आता गवतापेक्षा बाटलीमुळे जास्त आहे. स्टेरॉइडचा फवारा सुरू करून आठवडाभरानं थेंब आधी एका नाकपुडीत बंद करा, ती मोकळी झाली की दुसरीत. चार-सहा रात्री कठीण जातील. उशी उंच घ्या, चिडचिड घरच्यांवर काढा, पण बाटली घरात ठेवू नका.

आता तिसरं, आणि तुमच्या बाबतीत मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मळमळ, उजेड नकोसा, कामच होत नाही : या तीन तक्रारींपैकी दोन असतील तर अर्धशिशीचा दाट संशय घ्यायचा. तुम्हाला पहिल्या दोन तर आहेतच. अर्धशिशीत नाक वाहतं, डोळ्यांतून पाणी येतं, गालही ठणकतात, म्हणून ती सायनसच्या नावावर खपते. 2004 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असं मानणाऱ्या 2,991 जणांपैकी 88 टक्क्यांची लक्षणं अर्धशिशीच्या निकषांत बसली. आणि उपवास! सकाळी कोरा चहा, दुपारी पुन्हा चहा, रात्री थाळीभर साबुदाणा, मध्ये पाण्याचा घोट नाही, हे अर्धशिशीला आमंत्रण आहे. देवीला उपाशी भक्त हवेत असं मला तरी वाटत नाही, पण तो तुमचा प्रश्न. नऊ दिवस धरायचेच असतील तर दर तीन-चार तासांनी राजगिरा, शेंगदाणे, ताक, फळ काहीतरी पोटात जाऊ द्या. पाणी भरपूर. अर्धशिशीची औषधं वेगळी आहेत, ती डॉक्टरांना भेटून ठरवा. भेटण्याआधी महिनाभर वहीत लिहून ठेवा : कधी दुखलं, किती वेळ, त्या दिवशी काय खाल्लं, पाळी कधी होती. एक्स-रेपेक्षा ती वही डॉक्टरांच्या जास्त कामाची. सायनसचा साधा एक्स-रे ॲलर्जीच्या सुजेतही धूसर दिसतो. त्यावर ऑपरेशन ठरवत नसतात.

दुखतंय त्या क्षणाला काय? पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या, पुढची मात्रा सहा तासांनी. यकृताचा विकार असेल तर आधी विचारा. वेदनाशामकं महिन्यात दहा-पंधरा दिवसांच्या वर घेऊ लागलात तर त्यांनीच डोकं दुखू लागतं. गालांवर-कपाळावर गरम पाण्यात पिळलेला पंचा ठेवा. ओव्याच्या वासानं तात्पुरतं बरं वाटतं, पण उकळत्या पातेल्यावर पांघरूण घेऊन वाकू नका, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. वेखंडाला माझी हरकत नाही, डोळ्यापासून दूर असलं म्हणजे झालं.

राशीच्या दिवशी एन-95 मास्क आणि चष्मा, उभं राहायचं ते वारा जिकडून येतो त्या बाजूला, म्हणजे भुसकट तुमच्याकडे येणार नाही. संध्याकाळी डोक्यावरून अंघोळ, कपडे बाहेरच. चादरी त्या आठवड्यात अंगणात वाळत घालू नका. गाजर गवत फुलायच्या आत उपटायचं, आणि ते काम तुम्ही करायचं नाही.

ताप, पापणीला सूज, दोन-दोन दिसणं, मान ताठ होणं, बरं होता होता पुन्हा वाढणं, दहा दिवसांच्या वर पिवळा-हिरवा शेंबूड : यातलं काही झालं तर थेट डॉक्टर गाठा. एकाच नाकपुडीतून घाण वास आला तर वरची दाढ तपासून घ्या, तिची मुळं गालाच्या पोकळीला अगदी चिकटून असतात.

प्रश्न : वय 61, रक्तदाबाची गोळी चालू आहे. औषधाच्या दुकानातून मिळणारी 'सर्दी-डोकेदुखी'ची गोळी चालेल का?

उत्तर : पाकिटावर फिनाइलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन लिहिलं असेल तर नको. रक्तदाब वाढू शकतो, प्रोस्टेट वाढलं असेल तर लघवीही अडते. शिवाय तोंडावाटे घेतलेल्या फिनाइलेफ्रिननं चोंदलेलं नाक सुटत नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनंच 2023 मध्ये सांगितलं आहे. नुसती पॅरासिटामॉल मागा.