तंजावरच्या आसपास : जिंजी, ओरत्तनाडू आणि मनोरा

तुम्ही विचारलंय की तंजावरचं मोठं देऊळ आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहून दोन दिवस उरतात, तर आसपासच्या लहान गावांत मराठी राज्याच्या खुणा कुठे सापडतील. माझं उत्तर एका वाक्यात : रामेश्वरच्या वाटेवर दक्षिणेला उतरा.

जिंजी आधी उरकतो, कारण त्याबद्दल वाचायला भरपूर मिळेल. चेन्नईहून येत असाल तर तिंडिवनमला वळून ते जाताजाता होतं. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेला आणि पुढे राजाराम महाराजांनी १६९८ पर्यंत मोगलांविरुद्ध झुंजवलेला हा किल्ला. २०२५ साली जागतिक वारसा ठरलेल्या १२ मराठा किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच. त्यातली राजगिरी ही टेकडी सकाळी लवकर चढा, नंतर कातळ फार तापतो. एक विनंती आहे. तिथल्या लोकांचा नायक १७१४ साली लढता लढता पडलेला बुंदेला राजपूत देसिंग राजा आहे, त्याच्या गाथा तमिळमध्ये गायल्या जातात. त्याचीही चौकशी करा. फक्त 'आपला किल्ला' म्हणून पाहिलात तर अर्धा किल्ला पाहायचा राहील.

आता ओरत्तनाडू. तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्यावर साधारण पंचवीस किलोमीटर. इथे तंजावरच्या भोसले घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजी राजांनी बांधलेलं मुक्तांबाळ छत्रम आहे. मुक्तांबाळ ही त्यांची प्रिय सखी, तिच्या नावाने ही धर्मशाळा आणि अन्नछत्र उभं राहिलं. इमारत रथासारखी घडवलीय, दगडात कोरलेली चाकं आणि ती ओढणारे घोडे, हत्ती. गर्दी नसते, निवांत पाहता येतं.

पण या दगडांपेक्षा त्यामागची गोष्ट मला मोठी वाटते. १७९९ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने राज्यकारभार काढून घेतला, राजांच्या हाती तंजावरचा किल्ला आणि थोडा परिसर उरला. तेव्हा ते अशा छत्रांसाठी, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळांसाठी, अडून बसले. १८०१ साली त्यांनी इंग्रज रेसिडेंटला (दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीला) लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. छत्रात कोणकोणत्या जातीच्या वाटसरूला काय मिळतं, शिजवलेलं न खाणाऱ्याला शिधा कसा देतात, आजाऱ्याला वैद्य आणि औषध, तान्ह्या मुलांना दूध, बाळंतिणीची देखभाल, सगळं त्यात आहे. मध्यरात्री घंटा वाजवून 'कोणी उपाशी राहिलंय का' म्हणून बोलावत, हेही आहे. काशी-रामेश्वर करणारे हजारो यात्रेकरू याच वाटेने गेले, त्यात आपल्याकडचेही असत. तंजावरच्या भोसल्यांची खरी ओळख दरबारापेक्षा इथे होते असं मी ठामपणे म्हणेन. हातातून गेलेल्या राज्यातलं काय वाचवायचं हे त्यांनी निवडलं, आणि निवडलं ते अन्नछत्र.

तिथून पट्टुकोट्टै ओलांडून थेट समुद्रावर जा. मल्लिपट्टिनमजवळ मनोरा आहे, भोवती खंदक असलेला षट्कोनी मजल्यांचा बुरूज. नेपोलियनच्या पाडावाचं आणि इंग्रजांच्या विजयाचं स्मारक म्हणून याच सरफोजींनी तो १८१४ साली उभारला. राज्य घेणाऱ्यांच्याच विजयाचं स्मारक! पाहताना मन थोडं कडवट होतं, पण त्या काळातल्या संस्थानिकाची कोंडी इतकी स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसणार नाही. वरचा शिलालेख अनेक भाषांत आहे, त्यात मराठीही आहे, तो शोधाच.

दोन्ही ठिकाणं एका दिवसात होतात. मुक्काम तंजावरलाच ठेवा, पट्टुकोट्टैच्या बस मिळतात, पण मनोऱ्यासाठी तिथून पुढे रिक्षा किंवा गाडी ठरवलेली बरी. ओरत्तनाडूत रस्ता विचारताना 'मुक्तांबाळ छत्रम' एवढं म्हटलंत तरी पुरे.