अरण्याचं एचिंग ‘कोरीवचित्र’ होतं का?

विचारणा अशी: रशियन चित्रकार इव्हान शिश्किन (१८३२–१८९८) याच्या घनदाट अरण्याच्या एचिंगखाली, म्हणजे आम्लाने पत्र्यावर रेघा पाडून छापलेल्या चित्राखाली, ‘कोरीवचित्र’ असं लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. कोरीवकामात हत्यार धातू काढतं. एचिंगमध्ये धातूला आम्ल खातं. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेण, डांबर आणि राळ यांचा पातळ थर देतात. सुई फक्त तो थर खरवडते, म्हणून हात कागदावर चालावा तसा मोकळा फिरतो. फांद्यांचा गुंता, खरबरीत साल, गवत हे सगळं त्या मोकळेपणातून येतं. मग पत्रा आम्लात जातो आणि थर खरवडलेल्या जागीच आम्ल रेघ खातं. जस्तासाठी साधारण एक भाग नायट्रिक आम्ल आणि आठ-दहा भाग पाणी. आम्ल पाण्यात ओतायचं, उलट कधीच नाही. दूरची फिकट झाडं काही मिनिटांत खाऊन झाली की त्यांवर आम्ल अडवणारं व्हार्निश लावतात आणि जवळच्या बुंध्यांसाठी पत्रा पुन्हा बुडवतात. शेवटी रेघांत शाई भरून, वरची पुसून पत्रा कागदावर दाबतात; रेघ जितकी खोल, तितकी शाई जास्त धरते.

दाट झाडीत खरी अडचण इथेच येते. आम्ल खाली खातं तसं बाजूलाही खातं. रेघा फार जवळ असतील तर मधली धातूची भिंत ढासळते आणि रुंद, उथळ खड्डा पडतो. शाई पुसताना कापड ती खड्ड्यातून उचलून नेतं आणि जिथे सर्वांत गडद काळोख हवा तिथेच करडा डाग छापला जातो. म्हणून रेघांमध्ये जागा राखून काळोख खोलीने वाढवावा लागतो.

इतर भाषांनीही आम्लच पकडलं आहे. ‘एचिंग’ डच ‘एत्सन’वरून आला, त्याच्या मुळाशी ‘खायला लावणं’ आहे. रशियन ‘ओफोर्त’ फ्रेंच ‘ओ-फोर्त’वरून, म्हणजे ‘तीव्र पाणी’, नायट्रिक आम्लाचं जुनं नाव.

मराठीत प्रक्रियेला ‘आम्लरेखन’ आणि हाती येणाऱ्या चित्राला ‘मुद्राचित्र’ म्हणावं. रोजच्या लिखाणात सरळ ‘एचिंग’ लिहावं, ते रुळलेलं आहे. ‘छापील प्रत’ मात्र टाळावं, कारण त्यातून मूळ चित्राची नक्कल असा अर्थ निघतो. शिश्किनचा ६० एचिंगचा संच १८९४ साली निघाला. त्यातलं प्रत्येक अरण्य पत्र्यावरच घडलेलं आहे. चित्राखालच्या ओळीत माप देताना कागदाचं नव्हे, कागदावर दाबाने उमटलेल्या पत्र्याच्या कडांचं द्यावं.