कॉर्न्ड बीफमधला मका कुठे गेला?

प्रश्न असा आलाय: 'शिकागोजवळ राहते, मार्चमध्ये ऑफिसच्या पॉटलकला (घरून पदार्थ करून आणायचं एकत्र जेवण) सगळ्यांनी मिळून कॉर्न्ड बीफ अँड कॅबेज करायचं ठरलंय, माझ्याकडे स्लो कुकर आहे म्हणून माझ्या गळ्यात पडलं. रेसिपी तीनदा वाचली पण मका कुठेच नाही. भाषांतराच्या ॲपने "मक्याचे गोमांस" असं दिलं. मग कॉर्न कशाचं? मराठीत याला म्हणायचं काय? आणि स्लो कुकरला आपल्याकडे काही शब्द आहे का?'

ताई, मका विसरा. ॲपने तुम्हाला फसवलंय, पण त्याचा तरी काय दोष, कॉर्न म्हटलं की आपल्यालाही मॉलमधला बटर लावलेला पिवळा कपच आठवतो. या नावातलं कॉर्न म्हणजे दाणा, आणि तो दाणा मिठाचा. जुन्या इंग्रजीत कुठल्याही बारीक कणाला कॉर्न म्हणायचे, धान्याचा असो, वाळूचा असो नाहीतर मिठाचा. मिऱ्याला पेपरकॉर्न म्हणतात त्यातही तोच दाणा बसलाय. सोळाव्या शतकापासून याचं क्रियापद पण सापडतं, दाणेदार करणे किंवा मिठाचे खडे लावणे अशा अर्थाचं. बंदुकीची दारू ओली करून तिचे दाणे पाडायचे त्यालासुद्धा इंग्रजीत कॉर्निंगच म्हणत. तर कॉर्न्ड बीफ म्हणजे जाडं मीठ चोळून टिकवलेलं मांस, बस. आपल्या कोकणातला मीठ लावलेला खारा बांगडा हा या हिशोबाने चक्क कॉर्न्ड बांगडा झाला.

आता मक्याने हे नाव कसं पळवलं ते मला खरं मजेशीर वाटतं, कारण मराठीत आपणही अगदी हेच केलंय आणि आपल्या लक्षातही येत नाही. दाणा म्हणजे कुठलाही दाणा. दाणापाणी, दाणागोटा, मेथीदाणा, मुंबईचं दाणाबंदर, यात कुठेही शेंगदाणा नाही. पण आईने 'डब्यातले दाणे आण गं' म्हटलं तर कोणी गहू घेऊन जातं का? दाण्याचं कूट, दाण्याची चटणी, दाण्याची आमटी, सगळीकडे शेंगदाणाच. आणि साबुदाण्याच्या खिचडीत तर एकाच कढईत दोन्ही अर्थ असतात, साबु-दाण्यातला दाणा जुना आणि कुटातले दाणे नवे. नवे म्हणजे खरंच नवे, कारण भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा, आपल्याकडे गेल्या काही शतकांतच आलेला पाहुणा, आणि आला तो घरातलं सर्वसामान्य नावच घेऊन बसला.

इंग्रजीत तस्संच. जिथे जे धान्य मुख्य ते तिथलं कॉर्न, म्हणजे इंग्लंडात गहू, स्कॉटलंड-आयर्लंडात ओट्स. अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांना मका दिसला, त्याला ते इंडियन कॉर्न म्हणायला लागले (इंडियन म्हणजे तिथले मूळ रहिवासी, आपण नव्हे), मग पुढे इंडियन गळून पडलं आणि नुसतं कॉर्न राहिलं. तो पाहुणासुद्धा अमेरिकेचाच बघा. 1611 च्या किंग जेम्स बायबलात, म्हणजे बायबलच्या इंग्रजी भाषांतरात, योसेफाचे भाऊ कॉर्न आणायला इजिप्तला जातात, तिथे मका नव्हता हो, ते धान्य.

हे दोन अर्थ एकमेकांना धडकलेले बघायचे असतील तर आयर्लंडचा दुष्काळ बघा, आणि गंमत अशी की तुमच्या पदार्थाचा रस्ताही तिथूनच जातो. 1845 मध्ये बटाट्यावर रोग पडला. ब्रिटनचे पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी अमेरिकेतून इंडियन कॉर्न, म्हणजे मका, मागवला, जो आयरिश लोकांना शिजवायचा कसा हेच ठाऊक नव्हतं, आणि त्याच पीलनी 1846 मध्ये परदेशी धान्यावर कर लावणारे कॉर्न लॉज नावाचे कायदे रद्द करायला लावले, ज्यातलं कॉर्न म्हणजे गहू-बार्लीसारखं धान्य. एकच माणूस, वर्षभराच्या आत, आणि कॉर्न दोन वेगळे.

त्या दुष्काळातून लाखो लोक अमेरिकेला गेले. त्याआधी दीडशे-पावणेदोनशे वर्षं आयर्लंडमधलं कॉर्क बंदर खारवलेलं बीफ पिंपंच्या पिंपं भरून जगभर पाठवत होतं, कारण 1660 च्या दशकातल्या इंग्लंडच्या कायद्यांनी आयरिश जिवंत गुरं तिकडे विकायला बंदी केली, मग करणार काय, कापा, मीठ लावा आणि जहाजावर चढवा. पण ते पाठवणाऱ्या गरीब आयरिश माणसाच्या ताटात ते क्वचितच पडायचं, त्याच्याकडे बटाटा आणि जमलंच तर डुकराचं मांस. न्यूयॉर्कला आल्यावर शेजारच्या ज्यू खाटकाकडे छातीचा भाग परवडणाऱ्या भावात मिळायला लागला, सोबत स्वस्त कोबी, आणि झाला 17 मार्चचा, म्हणजे सेंट पॅट्रिक्स डे या आयरिश सणाचा, 'पारंपरिक' पदार्थ. आयर्लंडमध्ये आजही बेकन आणि कोबीच जास्त घरचं मानतात. (छातीचा भाग म्हणजे ब्रिस्केट, आपला मटणवाला सीना म्हणतो तोच, फक्त जनावर मोठं.)

मराठीत काय म्हणायचं? माझं मत सरळ आहे, खारवलेलं बीफ. नवा शब्द पाडायची गरजच नाही, खारवणे हे क्रियापद आपल्याकडे मजबूत आहे, लोणच्यासाठी आपण कैऱ्या खारवतो की. आयरिश भाषेतसुद्धा याला खारं गोमांस अशाच अर्थाचं नाव आहे. मुरवलेलं म्हणू नका, मुरवण्यात मीठ असेलच असं नाही, मोरावळा पण मुरतोच. आणि आता तर कोणी खडे चोळत बसत नाही, मांस मसालेदार मिठाच्या पाण्यात दिवसचे दिवस बुडवून ठेवतात, त्या पाण्याला इंग्रजीत ब्राइन म्हणतात आणि लोक मराठीत 'ब्राइन सोल्युशन' असलं काहीतरी लिहितात तेव्हा माझं डोकं फिरतं. बरणीच्या तळाशी उरतो तो लोणच्याचा खार, तो काय आहे मग? खार म्हणा ना.

बीफ की गोमांस हा प्रश्न जरा वेगळा आहे. महाराष्ट्रात 2015 पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे तिथे दुकानात बीफ किंवा 'मोठ्याचं' म्हटलं की म्हशी-रेड्याचं. अमेरिकेतलं मात्र गाय-बैलाचंच, म्हणजे अर्थाने गोमांस बरोबर आहे. पण बोलताना कोणी गोमांस म्हणत नाही, तो शब्द बातमीतला. मी बीफ लिहीन. ऑफिसात कोणी मराठी मंडळी असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा एवढंच.

शिजवूनही हे मांस गुलाबी का राहतं असं तुम्ही पुढे विचाराल म्हणून आत्ताच सांगते. पूर्वी मिठाबरोबर सोरा घालायचे, हो, बंदुकीच्या दारूतला सोरा, आता सोडियम नायट्राइट घालतात, त्याने रंग टिकतो. बॉस्टनकडे ते न घालता करतात, तो तुकडा शिजला की राखाडी दिसतो.

आता स्लो कुकर. आपली अडचण अशी की मराठीत कुकर म्हणजे प्रेशर कुकर, 'कुकर लावला' म्हणजे शिट्ट्या होणार, त्यामुळे स्लो कुकर हा शब्दच 'हळू पळणारा' छाप वाटतो. माझ्या सासूबाईंनी माझा स्लो कुकर पहिल्यांदा बघितला तेव्हा विचारलं, किती शिट्ट्या करायच्या? म्हटलं एकही नाही, आठ तास. त्या म्हणाल्या, मग हा वैल आहे. मला तेव्हापासून दुसरा शब्द सुचलाच नाही! ज्यांनी चूल बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, चुलीच्या शेजारी मागच्या बाजूला दुसरं तोंड असतं, मुख्य चुलीची आंच तिथे उरलीसुरली पोचते, त्यावर आमटी नाहीतर दूध ठेवून द्यायचं, ते आपलं निवांत होत राहतं. स्लो कुकर म्हणजे विजेचा वैल. अमेरिकेत स्लो कुकरला क्रॉक-पॉट म्हणतात ते ब्रँडचं नाव 1971 चं, त्यातला क्रॉक म्हणजे मातीचं भांडं, पण मूळ यंत्र आयर्विंग नॅक्सन यांचं, 1940 चं पेटंट. त्यांच्या आईने लिथुआनियातल्या चोलंट नावाच्या ज्यू पदार्थाची आठवण सांगितली होती, शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नसते म्हणून आदल्या संध्याकाळी भांडं बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी काढायचं. भट्टीचा वैलच की तो.

जाता जाता दोन गोष्टी. पायाला होतं ते कॉर्न, आपलं कुरूप, त्याचा या दाण्याशी काही संबंध नाही, ते लॅटिनमधल्या शिंगावरून आलंय. दाणावाल्या कॉर्नचा मात्र आपल्याशी जुना नातेसंबंध निघतो: हा शब्द, लॅटिन ग्रानुम म्हणजे इंग्रजी ग्रेन, आणि संस्कृत जीर्ण ही एकाच मुळाची भावंडं मानतात. जीर्ण म्हणजे अजीर्ण पण आलंच, तेव्हा पॉटलकला बेताने खा. आणि कोबी पोर्तुगीज कूव्हवरून, बटाटाही पोर्तुगीजांकडूनच, म्हणजे तुमच्या भांड्यातली अर्धी भाजी आपण गोव्यामार्गे आधीच ओळखतो.

बाकी कृती सोपी आहे. तळाला बटाटे-गाजरं, वर साधारण दीड-पावणेदोन किलोचा तुकडा चरबीची बाजू वर करून, मांसासोबत येणाऱ्या पाकिटातला मसाला (मोहरी, धणे, मिरी, तमालपत्र असतं), बुडत आलं एवढं पाणी, लो वर आठ ते दहा तास, झाकण सारखं उघडायचं नाही. कोबीच्या जाड फोडी शेवटच्या दीड-दोन तासांत, आधी टाकलात तर लगदा. कापताना धाग्यांना आडवं कापा, नाहीतर चावत बसाल. आणि नावातच मीठ आहे म्हटल्यावर वरून मीठ अजिबात घालू नका, उलट तुकडा आधी नळाखाली चांगला धुऊन घ्या.